ब्लॉक कोडिंग आणि मायक्रोबिट: शाळेत सुरू करताना हमखास येणारे प्रश्न

शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोन तास मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर स्क्रॅच आणि मायक्रोबिटवर काम करते. स्क्रॅचमध्ये सूचनांचे रंगीत तुकडे, म्हणजे ब्लॉक, पडद्यावर जोडून प्रोग्राम करायचा; मायक्रोबिट हा असाच प्रोग्राम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. नव्या शाळेत पाऊल टाकलं की शिक्षक आणि पालक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न मला स्वतःला सुटायलाही वेळ लागला.

संगणकीय विचार म्हणजे कोडिंगच ना?

कोडिंग ही त्यातली शेवटची पायरी. त्याच्या आधी बरंच काही असतं. मोठं काम लहान कामांत फोडायचं, त्यात पुन्हा पुन्हा काय येतंय ते ओळखायचं, नको तो तपशील बाजूला ठेवायचा आणि पायऱ्या अशा मांडायच्या की आपल्याला काहीही न विचारता दुसऱ्याला त्या करता याव्यात. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या २००६ सालच्या एका लहानशा लेखामुळे हा शब्द जगभर गेला. मुलांच्या शिकण्यावर काम करणारे गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी मात्र तो १९८० मध्येच वापरला होता.

त्यात मी माझी एक अट घालते. स्क्रॅचमध्ये प्रोग्राम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्याआधी मुलाने सांगायचं, "आता हे होईल." अंदाज चुकला तरी चालेल, पण अंदाज हवाच. ब्लॉक इकडचे तिकडे करून "बघू काय होतंय" म्हणत बसलेलं मूल फार रमलेलं दिसतं, पण तासाभराने विचारलं तर त्याला काहीच सांगता येत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वहीत दोन रकाने असल्याशिवाय मी संगणक लावू देत नाही. एक रकाना "मला वाटतं", दुसरा "झालं". या पानावर पुढे जे आहे त्यातलं बरंचसं या दोन रकान्यांभोवतीच फिरतं.

आमच्या शाळेत संगणक एकच आहे आणि तोही कधी चालतो, कधी नाही. मग सुरुवात कशी करायची?

संगणक धडधाकट असले तरी पहिला महिना मी ते लावत नाही. वर्गातल्या फरश्या पुरतात. एक मूल यंत्र होतं, दुसरं सूचना देतं. खडूने एका फरशीवर "सुरू", दुसरीवर "शेवट" लिहायचं आणि मध्ये दोन दप्तरं आडवी ठेवायची. नियम एकच. सांगितलं तेवढंच यंत्राने करायचं, मनाने काही समजून घ्यायचं नाही.

पहिल्याच सूचनेला गाडी अडते. "जरा पुढे जा." जरा म्हणजे किती फरश्या? "तिकडे वळ." तिकडे म्हणजे कुठे? मग कुणाला तरी कवायत आठवते. तिथे "डावीकडे वळ" म्हटलं की सगळा वर्ग एकाच वेळी काटकोनात वळतो, कारण त्या शब्दाचा अर्थ आधीच ठरलेला असतो. मुलं आपापसात शब्द ठरवू लागतात. पुढे म्हणजे एक फरशी, वळ म्हणजे काटकोन. त्या क्षणी त्यांनी एक छोटी भाषा तयार केलेली असते. पुढच्या फेरीत सूचना चिठ्ठीवर आधी लिहून द्यायच्या, मध्ये बोलायचं नाही. "पुढे पुढे पुढे पुढे" लिहून हात दुखला की एखादं मूल आपणहून "४ वेळा पुढे" लिहितं. याला लूप म्हणतात, आणि ते मला कधी फळ्यावर शिकवावं लागलेलं नाही.

दुसरा खेळ चहाचा. मुलांनी चहाची कृती सांगायची आणि मी ती शब्दशः करायची. "पाणी ठेव" म्हटलं की मी पाण्याचं भांडं टेबलावर ठेवते आणि हात बांधून उभी राहते. घरात "पाणी ठेव" म्हटल्यावर गॅस, भांडं, काडी हे सगळं आपोआप कळतं. त्या एका क्रियापदात किती पायऱ्या दडल्यात ते मुलं मोजू लागतात. "साखर अंदाजाने" या दोन शब्दांवर अर्धा तास वाद होतो, आणि तो होऊ द्यावा.

एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सीएस पाठशाला हा उपक्रम २०१६ पासून असेच संगणकाशिवायचे पाठ तयार करतो. भारतातली बेब्रास ही संगणकीय विचाराच्या कोड्यांची स्पर्धाही तेच घेतात. मूळची ही स्पर्धा २००४ साली लिथुआनियात सुरू झाली. तिथल्या भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर, नदीवर फांद्यांचा बांध घालणारा प्राणी. तिच्यातली कोडी परिपाठानंतर फळ्यावर एकेक करून घालता येतात.

कितवीपासून सुरू करावं?

फरशीचे खेळ तिसरीपासून, स्क्रॅच पाचवीच्या आसपास, बोर्ड सहावीपासून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात आणायचं म्हटलं आहे. त्याआधी घाई करून हाती काही लागत नाही.

ब्लॉक जोडणं म्हणजे पोरखेळ. खरं कोडिंग तर टाइप करूनच होतं ना?

टाइप करताना सुरुवातीला मुलाची सगळी शक्ती स्वल्पविराम आणि कंस सांभाळण्यात जाते. आमच्या मुलांना तर कळफलकावर अक्षर शोधायलाच वेळ लागतो. ब्लॉकमध्ये व्याकरणाची चूक होऊच शकत नाही, कारण न जुळणारे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. चूक करायची जागा उरते ती फक्त विचारात, आणि आपल्याला तीच हवी आहे.

ही कल्पना काल-परवाची नाही. पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली, तीत पुढे सूचनेप्रमाणे चालून रेघ काढणारं कासव आलं. मुलाला कासवासारखं चालून बघता यावं, हा त्यामागचा विचार. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. त्याच वाटेने २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मिचेल रेझ्निक यांच्या गटाने स्क्रॅच आणलं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्यासाठी. संगणक मधे नसेल, पण धागा तोच आहे असं मला वाटतं.

स्क्रॅचवर पहिलं काम कोणतं द्यावं?

स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर नाचवण्याचे तयार व्हिडिओ बघून तेच उतरवून काढायला देऊ नका. मी रांगोळी देते. स्क्रॅचमध्ये डाव्या कोपऱ्यात खाली एक बटण आहे, तिथून "पेन" जोडून घ्यायचं. आता मांजर चालेल तिथे रेघ उमटते.

चौरस सोपा. ४ वेळा: १०० पावलं पुढे, ९० अंशांत वळ. त्यानंतर मी समभुज त्रिकोण सांगते आणि गप्प बसते. भूमितीत शिकलेलं असतं की समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून सगळा वर्ग "मला वाटतं" रकान्यात त्रिकोण काढतो आणि ब्लॉकमध्ये ६० घालतो. पडद्यावर अर्धा षटकोन येतो, मोठ्या वाडग्यासारखा, एका बाजूने उघडा. पहिल्यांदा मुलांना वाटतं संगणकच बिघडला.

इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह फार होतो. सांगू नका. मुलाला उठवून फरशीवर त्रिकोण चालायला लावा. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याचं तोंड सरळ पुढे असतं, आणि पुढच्या बाजूकडे वळायला त्याला बरंच फिरावं लागतं. किती? १८० मधून ६० गेले, १२०. ते मूल पायाने मोजतं. मग कुणीतरी म्हणतं, चौरसात ४ वेळा ९० म्हणजे ३६०, त्रिकोणात ३ वेळा १२० म्हणजेही ३६०. पंचकोनाला किती हे तिथून पुढे विचारावंच लागत नाही, ७२ आपोआप येतं. शेवटी तो चौरसच ३६ वेळा काढायचा आणि दर वेळी १० अंश फिरायचं, की फूल उमलतं. दिवाळीआधीच्या शनिवारी हे केलं तर मुली घरून ठिपक्यांच्या रांगोळ्यांच्या वह्या घेऊन येतात आणि "बाई, ही बसेल का?" विचारतात.

पडद्यावर एवढं सगळं होतं, तर बोर्डावर खर्च कशाला?

पडद्यावरचं जग आज्ञाधारक असतं. १०० पावलं म्हटलं की १००च. खरं जग तसं नसतं. उजेड मोजला तर आकडा स्थिर राहत नाही, तापमान मोजलं तर हातात धरल्याने बदलतं. मुलाचा प्रोग्राम बरोबर असूनही चालत नाही, आणि दोष प्रोग्रामचा, तारेचा की आपल्या समजुतीचा, हे वेगळं काढावं लागतं. हा अनुभव फक्त पडद्यावर मिळत नाही.

मायक्रोबिट घ्यावं की आर्डुइनो?

सहावी-सातवीला मायक्रोबिट, नववीपासून आर्डुइनो, असं माझं मत आहे.

मायक्रोबिट बीबीसीच्या पुढाकाराने आलं आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १० लाख मुलांना फुकट वाटलं गेलं. तळहाताएवढ्या त्या पट्टीवर २५ दिवे, दोन बटणं, हालचाल आणि दिशा ओळखणारे सेन्सर, तापमापक आणि एकमेकांशी बोलायला रेडिओ असं सगळं आधीपासून बसवलेलं असतं. २०२० च्या आवृत्तीत मायक्रोफोन आणि स्पीकरही आले. एकही तार न जोडता पहिल्या दिवशी काहीतरी होतं, वर्गात ४० मुलं असताना हे फार महत्त्वाचं.

आर्डुइनो हाही प्रोग्राम घालता येणारा बोर्ड, २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात जन्मलेला. त्याच्या उनो बोर्डाला तारा जोडायला १४ डिजिटल पिना (फक्त चालू-बंद) आणि ६ अ‍ॅनालॉग पिना (कमी-जास्त मोजणाऱ्या) आहेत, सुटे भाग सहज मिळतात आणि बोर्ड चिवट आहे. पण दिवा लावायचा तरी ब्रेडबोर्ड (भाग खोचून जोडायची पाटी), रोधक (वीज कमी करणारा भाग), तारा सगळं मांडावं लागतं. तीन मुलांत एक बोर्ड, याहून जास्त मुलं एका बोर्डाभोवती बसवू नका.

एखादा प्रकल्प सविस्तर सांगाल का?

कुंडीला तहान लागली की सांगणारं यंत्र. शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना ओलावा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मूठभर माती दाबून ते तुम्हालाच सांगतील.

लागतात दोन खिळे. एक खिळा मायक्रोबिटच्या ३ व्होल्टच्या कडीला जोडायचा, दुसरा ० क्रमांकाच्या पिनेला, आणि ती पिन व जीएनडी (विजेची ऋण बाजू) यांच्या मध्ये १० किलोओहमचा रोधक लावायचा, ज्याच्यावर तपकिरी, काळा, नारिंगी असे पट्टे असतात. रोधक नसेल तर कोरड्या मातीतही आकडा भरकटतो. खिळे मातीत खोचले की ओल्या मातीतून वीज जास्त वाहते, आकडा मोठा येतो. कोरड्यात लहान. आकडा ० ते १०२३ मध्ये असतो.

पहिल्या दिवशी प्रोग्राम एवढाच: आकडा वाच, दाखव, थांब. कोरड्या मातीचा आकडा, पाणी घातल्यावरचा आकडा, दुसऱ्या दिवशीचा आकडा असा वहीत तक्ता होतो. प्रत्येक गटाचे आकडे वेगळे येतात, कारण कुणाचे खिळे जवळ, कुणाचे लांब, कुणाची माती लाल, कुणाची काळी. म्हणून शेजाऱ्याचं उत्तर उतरवून उपयोग होत नाही. कुठल्या आकड्याखाली "पाणी द्या" म्हणायचं हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. मला हा प्रकल्प आवडतो तो सगळ्यात जास्त यासाठीच.

दुसऱ्या शनिवारी जर-तर येतं. समजा, ३०० च्या खाली आकडा गेला की रडका चेहरा, नाहीतर हसरा. इथे एक गंमत होते. माती ३०० च्या आसपास असताना चेहरा हसतो, रडतो, हसतो, रडतो, सारखा लुकलुकत राहतो. मुलं म्हणतात बोर्ड खराब आहे. मी त्यांना इस्त्री आठवायला सांगते. इस्त्री तापली की दिवा विझतो, पण किंचित निवल्याबरोबर लगेच पेटत नाही, बरीच निवल्यावर पेटतो. का? मग दोन आकडे ठरवायची युक्ती त्यांच्यातूनच निघते. ३०० च्या खाली गेलं की रड, आणि पुन्हा हसायचं ते थेट ४०० च्या वर गेल्यावर. मधल्या पट्ट्यात आधीचाच चेहरा कायम. त्यासाठी "आत्ता मी कुठला चेहरा दाखवतोय" हे लक्षात ठेवणारा व्हेरिएबल लागतो, आणि व्हेरिएबल कशाला लागतो हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका खिळ्यावर गंज चढलेला दिसतो. सतत वीज वाहिल्याने धन बाजूचा खिळा झिजतो. उपाय प्रोग्राममध्येच आहे. खिळ्याला वीज ३ व्होल्टच्या कडीऐवजी १ क्रमांकाच्या पिनेतून द्यायची, मोजण्यापुरती चालू करायची, आकडा घेतला की बंद, आणि मग दहा मिनिटं गप्प. एका कुंडीत विज्ञान, गणित आणि काटकसर एकत्र येते.

मुलाचा प्रोग्राम चालत नाही आणि मलाही कळत नाही का. अशा वेळी वर्गासमोर काय करू?

"मलाही माहीत नाही, आपण शोधू" असं मोठ्याने म्हणा. ते वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकणं हाच मुलांसाठी मोठा धडा असतो. नंतर "मला वाटतं" आणि "झालं" या रकान्यांत फरक नेमका कुठल्या ओळीला पडला ते बघा. अर्धे ब्लॉक बाजूला काढून ठेवा आणि उरलेले चालवा.

काही चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या आधी तपासा. स्क्रॅचमध्ये "जर कळ दाबली" हा ब्लॉक सतत चालणाऱ्या लूपच्या बाहेर राहतो. संगणक एकदाच, पहिल्या क्षणी बघतो आणि पुढे जातो, मूल नंतर कितीही कळ दाबो. "गुण १ ठेव" आणि "गुण १ ने वाढव" यांची अदलाबदल होते, मग कबड्डीत कितीही चढाया करा, फलकावर १च. मायक्रोबिटच्या दिव्यांवर लांब नाव सरकत असताना पुढच्या ओळी थांबून राहतात, म्हणून बाकीचं काहीच होत नाहीसं वाटतं. आणि बॅटरी. आधी बॅटरी बघा.

एकदा एका गटाने पायाला बांधायचं पावलं मोजणारं यंत्र केलं. हळू चाललं की बरोबर, धावलं की दुप्पट. सातवीतली एक मुलगी व्हरांड्यात वीस पावलं टाकायची, आकडा लिहायची, परत यायची. असं तिने किती वेळा केलं मी मोजलं नाही. शेवटी ती सांगत आली, "बाई, पाय उचलताना पण हलतं आणि टेकताना पण हलतं." एकदा मोजलं की क्षणभर थांब, असा ब्लॉक तिने घातला. किती क्षण, तेही तिनेच चालून ठरवलं.

ब्लॉक मराठीत असावेत की इंग्रजीत?

ब्लॉक कुठल्याही भाषेत असू द्या, वर्गातलं बोलणं मराठीत हवं. "जर माती कोरडी असेल तर" असं मूल बोलू शकलं तर तो ब्लॉक त्याला सापडतोच.

एक अडचण खरी आहे. मायक्रोबिटवर देवनागरी अक्षरं सरकत नाहीत. आम्ही ती हाताने काढतो, ५ गुणिले ५ च्या २५ ठिपक्यांत. शिरोरेषेला वरची एक ओळ गेली की उरतात चार. "प" छान बसतो. "म" आणि "भ" यांच्यात भांडण होतं, आणि "क्ष" काही केल्या बसत नाही. कुठला ठिपका ठेवला तर अक्षर ओळखू येईल आणि कुठला सोडला तर चालेल, या वादात नको तो तपशील टाकून देणं मुलं शिकतात.

गटात एकच मूल सगळं करतं, बाकीची बघत बसतात.

आणि बघत बसणाऱ्यांत मुली जास्त असतात, हेही बोलून टाकू. माउस धरणारा चालक, शेजारी वाटाड्या. वाटाड्याने माउसला हात लावायचा नाही, चालकाने मनाने काही करायचं नाही, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. घंटा वाजवा, नाहीतर अदलाबदल होत नाही.

विजेचा धोका नाही ना?

मायक्रोबिट दोन लहान सेलवर, ३ व्होल्टवर चालतं, त्याचा झटका बसत नाही. पण घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला जोडणारा रिले (बोर्डाने चालू-बंद होणारं बटण) शाळेत आणूच नका, कुणी कितीही म्हणो. मोटर थेट पिनेला लावू नका, बोर्ड जळतो. पत्र्याच्या टेबलावर चालू बोर्ड ठेवू नका.

इंटरनेट नसेल तर?

स्क्रॅच संगणकावर उतरवून ठेवता येतं. मायक्रोबिटचे ब्लॉक जोडायच्या मेककोड या साधनाचंही तसं अ‍ॅप आहे. पेनड्राइव्हवर घेऊन जा. प्रोग्रामची फाइल बोर्डात टाकायला केबल पुरते.

मार्क कसे द्यायचे?

चालणाऱ्या यंत्राला देऊ नका. वहीतले दोन रकाने वाचा. "मला वाटतं" पुढे पुढे नेमकं होत गेलंय का, चूक सापडल्यावर कारण लिहिलंय का, ते बघा. प्रदर्शनात पालकांनी करून दिलेला झगमगता प्रकल्प आणि स्वतः शोधलेली एक चूक यांत मी दरवेळी दुसरीला जास्त गुण देते, आणि पालकांना तसं सांगतेही.

आता एआयच कोड लिहून देतं. मग हे कशाला?

आपल्याला नेमकं काय हवं ते त्याला सांगावं लागतं, आणि त्याने दिलेलं बरोबर आहे का ते ओळखावं लागतं. "जरा पुढे जा" म्हणून भागत नाही. खिळ्यावरचा गंजही त्याला दिसत नाही.

पायथन, म्हणजे टाइप करून लिहायची भाषा, कधी?

मूल स्वतः म्हणेल तेव्हा. ब्लॉकची रांग पडद्याबाहेर जाऊ लागली, सरकवून सरकवून कंटाळा आला, की ते म्हणतंच.

सरकारी मदत मिळते का?

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. मिळालं तर उत्तम. पण ते मंजूर होईपर्यंत फरश्यांवर काम सुरू करा. मी अशीही प्रयोगशाळा पाहिली आहे जिथे खोकी वर्षभर सीलबंद होती, कारण काही हरवलं तर जबाबदार कोण, हे ठरत नव्हतं.

सुट्टीत बोर्ड कसे ठेवायचे?

सेल काढून. मे महिन्यात डब्यात राहिलेले सेल गळतात आणि तारेची टोकं खातात. पावसाळ्यात बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात, मुलं गोळा करून आणतात. डब्यावर आत किती बोर्ड, किती केबल ते लिहा. मोजून घेण्याचं आणि मोजून देण्याचं काम दर महिन्याला वेगळ्या दोन मुलांकडे द्या.